समोर दुसरा कुत्रा असतानाही हाकेला ओ: तरुण कुत्र्याचे प्रशिक्षण

घरात नाव घेताच धावत येणारा आणि 'बस' म्हटल्यावर लगेच बसणारा आठ-दहा महिन्यांचा कुत्रा मोकळ्या मैदानात दुसरा कुत्रा दिसताच कान नसल्यासारखा वागू लागतो, तेव्हा पालकांना वाटते की तो हट्टी झाला आहे किंवा शिकलेले विसरला आहे. बहुतेक वेळा यांतले काहीच घडलेले नसते. कुत्रा एखादी गोष्ट शिकतो तेव्हा ती जागा, सांगणारे माणूस, आजूबाजूचे आवाज आणि वास यांच्यासकट त्याच्या मनात बसते, आणि यांतले काही बदलले की तीच गोष्ट त्याला जवळजवळ नव्याने शिकावी लागते. त्यातही दुसरा कुत्रा म्हणजे तरुण कुत्र्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे आकर्षण असते, आणि काही कुत्र्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी भीतीही. त्याच्यासमोर प्रतिसाद देणे हे स्वतंत्र कौशल्य मानून त्याची स्वतंत्र तयारी करून घ्यावी लागते. या तयारीत शब्द, खाऊ, दोरी या सगळ्यांना आपापली जागा आहे. पण ती यशस्वी होईल की नाही हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते, आणि ती म्हणजे शिकवताना दुसऱ्या कुत्र्यापासून राखलेले अंतर.

हे वयही अवघड असते. कुत्र्याची किशोरावस्था साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत चालते आणि मोठ्या जातींत ती दोन वर्षांपर्यंत लांबू शकते. न्यूकॅसल विद्यापीठातील लूसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पाच महिन्यांचे असताना 'बस' ही आज्ञा पाळणारे कुत्रे आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्या माणसाचे ऐकण्यात मागे पडले, मात्र अनोळखी माणसाने तेच सांगितले तेव्हा अशी घसरण झाली नाही. हा काळ सरतो. त्यात पालकांनी आवाज चढवला, बाहेर नेणेच कमी केले किंवा 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून प्रशिक्षण सोडून दिले, तर दुसऱ्या कुत्र्यांकडे ओढत नेण्याची किंवा त्यांच्यावर भुंकण्याची सवय याच महिन्यांत पक्की होते.

पिल्लू अजून लहान असेल तर काम हलके होते. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात जे शांतपणे अनुभवले, ते पिल्लाला पुढे परके वाटत नाही. लसीकरण पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर त्याला सोडू नये, मात्र कडेवर घेऊन लांबून इतर कुत्रे दाखवणे आणि लसीकरण झालेल्या, स्वभावाने सौम्य अशा ओळखीच्या कुत्र्यांशी गाठ घालणे पशुवैद्याच्या सल्ल्याने सुरू करता येते. हा काळ निघून गेला असला तरी हताश होण्याचे कारण नाही. पुढची पद्धत मोठ्या कुत्र्यालाही तशीच लागू पडते, फक्त तिला अधिक वेळ द्यावा लागतो.

आपला कुत्रा काय सांगतो आहे

दुसरा कुत्रा दिसताच भुंकणारे आणि दोरी ताणणारे सगळे कुत्रे एकाच कारणाने तसे करत नाहीत. काहींना भेटायची अनावर ओढ असते आणि अडवल्यामुळे त्यांचा तोल जातो. काही घाबरलेले असतात आणि भुंकण्याने समोरचा दूर जातो हे त्यांना अनुभवाने समजलेले असते. उत्सुक कुत्र्याचे अंग बहुधा पुढे झुकलेले असते, तो किंचाळल्यासारखा भुंकतो, आणि मोकळा सोडल्यास धावत जाऊन वास घेऊ लागतो. घाबरलेला कुत्रा वजन मागच्या पायांवर घेतो, कान मागे पाडतो, शेपूट खाली किंवा पायांत घालतो, डोळ्यांचे पांढरे दाखवतो. दोन्ही भावना एकाच कुत्र्यात असू शकतात, आणि घाबरट कुत्राही कधी कधी आवेशाने पुढे झेपावतो, म्हणून केवळ शेपूट हलते आहे एवढ्यावरून तो आनंदात आहे असे समजू नये. उंच धरलेली, ताठ आणि वेगाने थरथरणारी शेपूट ही मैत्रीची खूण नव्हे.

भुंकणे सुरू होण्याच्या आधीच्या खुणा ओळखता येणे अधिक मोलाचे आहे. तोंड मिटणे, चाल मंदावणे, अंग आखडणे, नजर खिळणे, कारण नसताना जिभल्या चाटणे, जांभई देणे, एकाएकी जमिनीचा वास घेऊ लागणे, यांतली एखादी खूण दिसली की कुत्र्याच्या मनावर ताण येऊ लागला आहे असे समजावे. खाऊ घेण्याची रीतसुद्धा बरेच सांगून जाते. एरवी ओठांनी हळुवार खाऊ घेणारा कुत्रा दातांनी बोट ओरबाडून घेऊ लागला, तर तो अजून खात असला तरी तुम्ही जास्त जवळ आला आहात. त्याने आवडीचा खाऊही नाकारला, तर त्या अंतरावर शिकवण्यासारखे काही उरलेले नाही, दूर जावे.

साधने

छातीला नीट बसणारा, खांद्यांची हालचाल न अडवणारा हार्नेस, दीड-दोन मीटरची साधी लीश आणि पाच ते दहा मीटर लांबीची हलकी दोरी एवढे पुरेसे आहे. लांब दोरी नेहमी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच अडकवावी, गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नको, कारण धावत सुटलेला कुत्रा दोरी संपताच जो हिसका खातो तो मानेला इजा करू शकतो. ताणली की लांबणारी, चक्रीत गुंडाळली जाणारी लीश या कामासाठी टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात सतत ताण राहतो आणि ओढले की पुढे जाता येते हेच कुत्रा तिच्यावरून शिकतो.

खाऊ घरच्या सरावाला साधा चालेल, पण इतर कुत्र्यांसमोर तो कुत्र्याला विलक्षण आवडणारा हवा. शिजवलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे बहुतेकांना चालतात. तुकडा बोटाच्या नखाहून मोठा नसावा, म्हणजे पटकन गिळला जातो आणि पोटही भरत नाही. दिवसभरातल्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक भाग खाऊचा होऊ नये, आणि सरावाच्या दिवशी नेहमीचे जेवण तेवढे कमी करावे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा एक गोड पदार्थ) घातलेले कोणतेही पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात.

याशिवाय एक खुणेचा शब्द लागतो. 'हां' सारखा एकच लहान शब्द निवडावा किंवा क्लिकर, म्हणजे दाबल्यावर 'टिक' असा आवाज करणारे छोटे साधन, वापरावा. कुत्र्याने हवी ती गोष्ट केली त्याच क्षणी हा शब्द उच्चारायचा आणि मग खाऊ द्यायचा. खिशातून खाऊ काढेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात कुत्रा आणखी काही तरी करून मोकळा झालेला असतो. नेमके कशाचे बक्षीस मिळाले हे त्याला या शब्दामुळे समजते. घरात शांतपणे शब्द म्हणून खाऊ देण्याची काही आवर्तने केली की शब्द ऐकताच कुत्रा अपेक्षेने पाहू लागतो, आणि मग तो वापरायला तयार झाला असे समजावे.

घरातला पाया

दुसऱ्या कुत्र्याच्या जवळ नेण्याआधी चार गोष्टी घरात, मग अंगणात किंवा जिन्यात, मग शांत रस्त्यावर पक्क्या करून घ्याव्यात. पहिली, नाव ऐकताच मान वळवणे. दुसरी, पुढे केलेल्या तळहाताला नाक लावणे. ही अगदी क्षुल्लक वाटणारी युक्ती पुढे फार उपयोगी पडते, कारण नाक हाताला लागण्यासाठी कुत्र्याला तोंड फिरवून तुमच्याकडे यावेच लागते. तिसरी, चालता चालता 'वळ' म्हटल्यावर तुमच्याबरोबर उलट दिशेला फिरणे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, हाक.

हाकेसाठी स्वतंत्र शब्द ठेवावा. आधीचा 'ये' हा शब्द शंभर वेळा वाया गेलेला असेल, तर तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा शब्द किंवा शिट्टी शिकवणे सोपे जाते. या शब्दाचे काही नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवेत. हाक एकदाच मारायची. कुत्रा येईल अशी बऱ्यापैकी खात्री असेल तेव्हाच मारायची. आल्यावर दर वेळी चांगला खाऊ आणि मनापासून कौतुक मिळालेच पाहिजे. आंघोळ घालण्यासाठी, नखे कापण्यासाठी, फिरणे संपवून घरी नेण्यासाठी किंवा रागावण्यासाठी हा शब्द वापरायचा नाही. अशा वेळी स्वतः जाऊन कुत्र्याला घेऊन यावे. आल्याबरोबर हार्नेस पकडून थोडा खाऊ देण्याचीही सवय लावावी, नाही तर बरेच कुत्रे येतात खरे, पण हाताच्या टप्प्याबाहेर घुटमळत राहतात.

घरात दहापैकी नऊ वेळा पहिल्याच हाकेला प्रतिसाद मिळू लागला की पुढे जावे. पुढच्या प्रत्येक टप्प्यालाही मी हेच माप लावते, आणि सलग दोन वेळा कुत्रा चुकला तर तिसऱ्यांदा विचारून पाहण्याऐवजी परिस्थिती सोपी करते.

अंतरावरचे काम

आता मूळ विषयाकडे येता येईल. अशी जागा शोधावी जिथे दूरवरचे दिसते, कुत्रे ठरावीक भागातून ये-जा करतात आणि तुम्हाला हवे तेव्हा मागे हटता येते. मोठ्या मैदानाची कड किंवा रुंद रस्त्याची पलीकडची बाजू या कामाला चांगली. अरुंद पायवाटा, वळणावरच्या आंधळ्या जागा आणि कुत्र्यांच्या मोकळ्या बागेचे प्रवेशद्वार सुरुवातीला टाळावे.

पहिल्या दिवशी गरजेपेक्षा अधिक दूर उभे राहावे. पन्नास-साठ मीटर हे फार नव्हे, काही कुत्र्यांना शंभरही लागतात. दुसरा कुत्रा दिसला, आपल्या कुत्र्याने कान टवकारून पाहिले, आणि तरीही त्याचे अंग सैल आहे, नाव घेतल्यावर तो मान वळवतो, खाऊ हळुवार घेतो, हे जिथे जमते ते सध्याचे कामाचे अंतर. ते दर दिवशी सारखे नसते. आदल्या रात्री झोप कमी झाली असेल, सकाळीच एखाद्या कुत्र्याशी झटापट झाली असेल किंवा समोरचा कुत्रा मोठा, काळा आणि रोखून पाहणारा असेल, तर ते वाढते. दररोज नव्याने ते तपासून पाहावे.

या अंतरावर उभे राहून करायचे काम दिसायला अगदी साधे आहे. आपला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याकडे पाहतो, त्या क्षणी खुणेचा शब्द म्हणावा आणि आपल्या पायाजवळ खाऊ द्यावा. तो खाऊन पुन्हा पाहील, पुन्हा शब्द, पुन्हा खाऊ. इथे क्रमाला फार महत्त्व आहे: आधी दुसरा कुत्रा दिसला पाहिजे आणि मग खाऊ आला पाहिजे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांना लाळ सुटू लागली ती खाण्याच्या आधी येणाऱ्या खुणेमुळे. खूण खाण्यानंतर येत राहिली तर ही जोडणी नीट होत नाही. दुसरा कुत्रा येताना पाहून पालकाने घाईघाईने आधीच खाऊ नाकाशी धरला, तर कुत्रा दुसऱ्या कुत्र्याकडे पाहतच नाही आणि त्याच्याविषयी काही शिकतही नाही. उलट खिशात हात गेला की काही तरी भयंकर येणार, असे काही कुत्रे शिकतात. त्याच कारणासाठी दुसरा कुत्रा नजरेआड होताच खाऊही थांबवावा.

काही दिवसांच्या सरावानंतर एक सुंदर बदल दिसू लागतो. कुत्रा दुसऱ्याला पाहतो आणि शब्दाची वाट न पाहता आपण होऊन तुमच्याकडे वळतो. हा क्षण आला की खुणेचा शब्द थोडा उशिरा, वळण्याच्या क्षणी म्हणावा. आता बक्षीस पाहण्याचे उरत नाही, पाहून परत वळण्याचे होते. दोन-तीन सेकंद थांबूनही तो वळला नाही, तर नाव एकदा घ्यावे. तरीही नाही वळला, तर त्याला न ओढता, लीश सैल ठेवून, स्वतः काही पावले मागे सरकावे आणि तो वळताच खाऊ द्यावा. लीश ताणून धरणे हा पालकांचा जवळजवळ प्रतिक्षिप्त स्वभाव असतो, पण ताणलेल्या लीशमुळे कुत्र्याचे अंग पुढे झुकते, त्याला आपण अडकलो आहोत असे वाटते आणि स्फोट जवळ येतो.

एका वेळी पाच ते दहा मिनिटे सराव पुरतो. त्यानंतर कुत्र्याला निवांत वास घेत फिरू द्यावे. आठवड्यातून तीन-चार असे छोटे सराव हे सुट्टीच्या दिवशी केलेल्या दोन तासांच्या सरावापेक्षा कितीतरी अधिक देऊन जातात, कारण थकलेला आणि ताणलेला कुत्रा शिकत नाही, तो फक्त सहन करतो.

अंतर कमी करताना दर वेळी थोडे थोडे जवळ जाण्याचा मोह आवरावा. एकदा जवळ, मग पुन्हा लांब, मग आधीपेक्षा किंचित जवळ, असे खाली-वर करत राहिल्यास कुत्र्याला दर वेळी काम अवघडच होत जाते असे वाटत नाही. शिवाय अवघडपणा फक्त अंतराने येत नाही. उभा कुत्रा, चालणारा कुत्रा, धावणारा कुत्रा आणि एकमेकांशी खेळणारे दोन कुत्रे यांत मोठा फरक असतो. यांतले एक वाढवले की दुसरे हलके करावे: शांत बसलेल्या कुत्र्यापासून पंधरा मीटरवर काम जमू लागले, तरी खेळणाऱ्या जोडीसमोर पुन्हा चाळीस मीटरवरून सुरुवात करावी. बहुतेकांचे प्रशिक्षण इथेच फसते, कारण 'पंधरा मीटर जमते' हे एकदा मनाशी ठरले की समोर काय चालले आहे ते पाहिले जात नाही.

ओळखीच्या कोणाचा तरी वयाने मोठा, शांत आणि रोखून न पाहणारा कुत्रा मदतीला मिळाला तर काम फार सोपे होते. दोघांनी एकाच दिशेला, सुरुवातीला दहा-पंधरा मीटर आडवे अंतर ठेवून चालावे. माणसे आतल्या बाजूला आणि कुत्रे बाहेरच्या बाजूला. कुत्र्यांना समोरासमोर येणे बोचते, एका दिशेने बरोबर चालणे मात्र त्यांना सहज स्वीकारता येते. अंगे सैल झाली की दोन्ही रांगा हळूहळू जवळ आणाव्यात, आणि अधूनमधून 'वळ', हाताला नाक लावणे, 'बस' अशा घरात पक्क्या झालेल्या गोष्टी विचाराव्यात. हे सगळे तीन मीटरवर आरामात होऊ लागले, तर बराच पल्ला गाठला असे म्हणता येईल.

या महिन्यांत रस्त्यावर लीशला बांधलेल्या अवस्थेत अनोळखी कुत्र्यांशी भेटी घडवू नयेत. समोरच्या माणसाला नम्रपणे 'आम्ही सध्या सराव करत आहोत' एवढे सांगितले तरी पुरते. दर कुत्र्याला भेटायला मिळते हे एकदा कुत्र्याला ठाऊक झाले, की न भेटता पुढे जाणे त्याला अन्याय वाटू लागते आणि तुमचा शब्द ऐकण्याचे कारण त्याच्याजवळ उरत नाही.

मोकळ्यावर हाक

लांब दोरीचा हेतू कुत्र्याला ओढून आणणे हा नाही. हाक चुकली तर धावत दुसऱ्या कुत्र्यापर्यंत पोहोचण्याचे बक्षीस त्याला आपोआप मिळू नये, एवढ्यासाठीच ती आहे. दोरी जमिनीवर घसटत राहू द्यावी, हातमोजे घालावेत, बोटाभोवती किंवा मनगटाभोवती ती कधीही गुंडाळू नये.

कुत्रा दुसऱ्या कुत्र्यापासून लांब, आपल्या कामाच्या अंतराच्या बाहेर असताना पहिली हाक मारावी. हाक मारून स्वतः उलट दिशेला दोन पावले पळावे; पाठलाग करण्याची इच्छा तरुण कुत्र्याला तुमच्याकडे खेचते. आल्यावर एकच तुकडा देऊन न थांबता पाच-सहा तुकडे एकामागून एक द्यावेत. आणि मग, हा भाग विशेष लक्षात घ्यावा, 'जा' म्हणून त्याला पुन्हा मोकळे करावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की एखाद्याला जे करण्याची अधिक ओढ असते, ते कमी ओढीच्या कृतीचे बक्षीस म्हणून वापरता येते. दुसऱ्या कुत्र्याकडे जाणे ही तुमच्या कुत्र्याची सर्वांत मोठी ओढ असेल आणि समोरचा कुत्रा ओळखीचा व खेळकर असेल, तर तुमच्याकडे येणे हाच तिकडे जाण्याचा रस्ता ठरवावा. हाक म्हणजे मजा संपली असे ज्या कुत्र्याला वाटत नाही, तो मजेतूनही येतो.

खेळातून बोलावणे हा सर्वांत वरचा टप्पा आहे आणि त्याला घाई करू नये. दोरी लावून दोन कुत्र्यांना खेळू देऊ नये, पाय अडकतात. त्यासाठी कुंपण असलेली बंदिस्त जागा आणि ओळखीचा एकच जोडीदार हवा. दोघांची अंगे सैल असणे, पाठलाग करणारा आणि पळणारा यांची अदलाबदल होणे, अधूनमधून आपण होऊन थांबणे ही चांगल्या खेळाची लक्षणे. एकच कुत्रा सतत खाली दाबला जात असेल, तर दुसऱ्याला क्षणभर धरून पाहावे. सुटलेला कुत्रा पुन्हा खेळायला आला तर ठीक, लांब निघून गेला तर त्याला खेळ नको होता. हाक मारायची ती खेळाच्या ऐन भरात न मारता, दोघे दम घ्यायला थांबले असताना मारावी. सुरुवातीला तर अगदी जवळ जाऊन, कुत्र्याची मान वळू लागली आहे हे पाहूनच मारावी. मिनिटभर खेळ, हाक, खाऊ, पुन्हा खेळ, अशी आवर्तने झाल्यावर मग हळूहळू ऐन खेळातली हाक जमू लागते.

दोरी काढायची केव्हा, याचे उत्तर महिन्यांत देता येत नाही. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी, निदान काही आठवडे दोरीचा उपयोग करावाच लागला नाही, तर कुंपण असलेल्या जागेत काढून पाहावी. जिथे नियमाने कुत्रा मोकळा सोडण्याची परवानगी नाही आणि जिथे वाहने जवळून जातात, तिथे हाक कितीही पक्की असली तरी दोरी राहिलीच पाहिजे. काही कुत्रे, विशेषतः शिकारीच्या पाठलागासाठी जोपासलेल्या जातींचे, आयुष्यभर लांब दोरीवर राहतात, आणि त्यांच्या सुखात त्याने काही उणे पडत नाही.

अचानक गाठ पडली तर

कितीही काळजी घेतली तरी वळणावर एकदम कुत्रा समोर येतोच. त्या क्षणी शिकवण्याचा विचार सोडून केवळ बाहेर पडावे. घरात शंभरदा आनंदाने खेळलेले 'वळ' इथे कामी येते: आनंदी आवाजात शब्द, झटकन उलट दिशा, आणि काही पावले गेल्यावर भरपूर खाऊ. वळायला जागा नसेल तर उभे वाहन, झाड किंवा भिंत मध्ये घ्यावी, किंवा मूठभर खाऊ गवतात उधळून द्यावा. डोके खाली घालून हुंगत बसलेल्या कुत्र्याची नजर समोरच्यावर खिळत नाही आणि समोरच्या कुत्र्यालाही ती आव्हानासारखी वाटत नाही. मोकळा अनोळखी कुत्रा धावत येत असेल, तर आपण मध्ये उभे राहून त्याच्या दिशेने खाऊची मूठ भिरकावावी आणि तो खाण्यात गुंतला की शांतपणे निघून जावे. आरडाओरडा आणि पळापळ यांनी दोन्ही कुत्रे अधिक बिथरतात.

शिक्षेविषयी

हिसका देणे, ओरडणे, टोचणारे काटेरी पट्टे किंवा विजेचा धक्का देणाऱ्या कॉलर यांचा मी ठाम विरोध करते, आणि तो केवळ दयेपोटी नाही. दुसरा कुत्रा दिसला की मानेला दुखते, असे वारंवार घडल्यावर कुत्रा दुखण्याचा संबंध स्वतःच्या वागण्याशी जोडेल याची काहीच खात्री नसते. तो समोरच्या कुत्र्याशीही जोडू शकतो, आणि मग जो कुत्रा केवळ उत्सुक होता तो घाबरट आणि आक्रमक होतो. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केली तर गुरगुरणे बंद पडते, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो इशारा न देता चावू शकतो. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेत सर्व कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा, केवळ बक्षिसावर आधारलेल्या पद्धतींची शिफारस केली आहे.

खाऊ म्हणजे लाच, असे म्हणणारेही भेटतात. लाच आधी दाखवली जाते आणि काम नंतर होते. इथे काम आधी होते. खाऊ आयुष्यभर द्यावा लागेल का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. सवय पक्की झाल्यावर सोप्या प्रसंगी कधी खाऊ, कधी कौतुक, कधी चेंडू, कधी नुसते 'जा', असे बदलत जाता येते. दुसऱ्या कुत्र्यापासून परत येण्याचे बक्षीस मात्र कधीही बंद करू नये, कारण ज्या एका प्रसंगी ते परत येणे कुत्र्याचा जीव वाचवेल, तो प्रसंग आधी सांगून येत नाही.

बिघाड झाला तर

शिकलेला कुत्रा एकाएकी इतर कुत्र्यांवर खेकसू लागला, तर आधी पशुवैद्याला दाखवावे. कानाचा संसर्ग, सांध्यांची किंवा दातांची वेदना असलेल्या कुत्र्याला दुसऱ्याने धक्का देण्याचीच भीती वाटते, आणि तेव्हा प्रशिक्षण वाढवणे म्हणजे दुखण्यावर दुखणे. त्याने दुसऱ्या कुत्र्याला चावून जखम केली असेल, तर वर्तनाचे शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याच्या किंवा बक्षिसाच्या पद्धतीने काम करणाऱ्या प्रशिक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच पुढचे काम करावे. आजार नसेल आणि नुसताच एखादा वाईट प्रसंग घडला असेल, म्हणजे अनोळखी कुत्रा अंगावर धावून आला असेल, तर दोन-तीन दिवस कुत्रे भेटणार नाहीत अशा शांत वाटेने फिरवावे, त्याला पुरेशी झोप घेऊ द्यावी, चघळायला आणि हुंगायला काही द्यावे. मग मैदानाच्या कडेला परत जाऊन, प्रसंगाआधी जे अंतर चालत होते त्याच्या दुपटीवरून सुरुवात करावी. पाया नीट घातलेला असेल तर गमावलेले अंतर पहिल्यापेक्षा पुष्कळ लवकर भरून निघते.